रायझोबियम लावूनही फरक का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोयाबीनला दोन हंगाम रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र (नायट्रोजन) पिकाला देणाऱ्या जिवाणूंची, बीजप्रक्रिया केली (पेरणीआधी ते बियाण्याला लावले), बाजूला न केलेला पट्टाही ठेवला, पण उत्पादन सारखंच आलं. मग उरलेलं पाकीट हरभऱ्याला लावलं. त्या रानात हरभरा पहिल्यांदाच होता आणि पीक पिवळं पडलं. आता मात्रा दुप्पट करायची, कंपनी बदलायची, की हे सगळं थोतांड समजून सोडून द्यायचं? शिवाय कडधान्यानंतरच्या पिकाचा युरिया किती कमी करायचा, हेही तुम्ही विचारलं आहे.

या तिन्ही वाटांपैकी एकही धरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्यापुढे एक नाही, दोन वेगळे प्रश्न आहेत. सोयाबीनच्या रानात बहुधा जिवाणू आधीपासूनच पुरेसे आहेत. हरभऱ्याच्या रानात योग्य जिवाणू बहुधा एकही नव्हता आणि तुम्ही दिलेला त्या पिकाचा नव्हता. दोन्हीकडे फळ शून्य मिळालं, पण कारणं अगदी उलटी आहेत. म्हणून एकच उपाय दोन्हीकडे लावून चालणार नाही.

आधी हरभऱ्याचं बोलू, कारण तिथलं उत्तर सोपं आहे. सोयाबीनच्या मुळावर गाठी करणारा मुख्य जिवाणू ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम, तर हरभऱ्याचा मेसोरायझोबियम सिसेरी. हे एकमेकांचं काम करत नाहीत. पीक मुळांतून फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडतं. ती ओळखणारा जिवाणू उलट आपला रासायनिक संकेत पाठवतो. तो संकेत मुळाने ओळखला तरच मुळाचा केस वळतो आणि जिवाणूला आत वाट मिळते. ओळख पटली नाही तर कोट्यवधी जिवाणू मुळाशेजारी असूनही गाठ होत नाही. मूग, उडीद, चवळी, तूर, भुईमूग यांचं बरंचसं एका गटात जमतं. वाटाणा, मसूर आणि लाख यांचा दुसरा गट. मेथी आणि लसूणघास तिसऱ्यात. हरभरा आणि सोयाबीन मात्र आपापले वेगळे. १८९६ मध्ये नोबे आणि हिल्टनर यांनी जर्मनीत ‘नायट्रॅजिन’ नावाने पहिलं व्यापारी संवर्धक (बियाण्याला लावायचं जिवाणूंचं मिश्रण) बाजारात आणलं, तेव्हाही वेगवेगळ्या पिकांसाठी वेगवेगळी संवर्धकं होती. त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘रायझोबियम, कडधान्यांसाठी’ लिहिलेलं दिसलं तर मी ते घेत नाही. पिकाचं नाव हवंच.

हरभरा पिवळा पडला म्हणजे नत्रच कमी पडलं, असं मात्र लगेच धरू नका. खालची जुनी पानं आधी फिकट होत असतील तर नत्राचा संशय घ्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोहाचं दुखणं आहे. चुनखडीच्या रानात हे हमखास दिसतं आणि त्यावर जिवाणूंचा उपाय नाही. पाणी साचून चिबड झालेल्या तुकड्यात मुळांना हवा मिळत नाही, तिथंही पीक पिवळं पडतं. आणि रोपं एकेक करून वाळत असतील तर मर किंवा मूळकूज हे रोग तपासा.

आता सोयाबीन. ज्या रानात सोयाबीन वारंवार झालं आहे, तिथं त्याचे जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतात. अशा जमिनीत दर ग्रॅम मातीत हजारोंच्या संख्येने ते सापडू शकतात. तुम्ही बियाण्यावर लावलेल्या जिवाणूंना या आधीपासून वस्ती केलेल्यांशी गाठींच्या जागेसाठी झगडावं लागतं. ही झुंज विषम असते. बाहेरून दिलेल्या जिवाणूंनी निम्म्या गाठी तरी बळकवाव्यात असं वाटत असेल, तर त्यांची संख्या मातीतल्या जिवाणूंच्या सुमारे हजारपट लागते. याउलट ज्या मातीत दर ग्रॅमला दहाही जिवाणू नाहीत आणि नत्रही कमी आहे, तिथं बीजप्रक्रियेचा परिणाम लांबून डोळ्यांना दिसतो. ओळी नुसत्या रंगावरून ओळखता येतात.

मात्रा दुप्पट केल्याने गाठी दुप्पट का होत नाहीत, याला आणखी एक कारण आहे आणि ते झाडाच्या बाजूचं आहे. गाठी झाडाला फुकट पडत नाहीत. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला किमान सोळा एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन असलेले रेणू) खर्च होतात, आणि ही ऊर्जा पानांनी केलेल्या साखरेतूनच येते. म्हणून पुरेशा गाठी झाल्या की पानांकडून मुळांना संकेत जातो आणि नव्या गाठी रोखल्या जातात. झाड स्वतःच हात आखडता घेतं. त्यापुढे तुम्ही पाकिटं ओतत राहिलात तर भरलेल्या घागरीत आणखी तांब्या ओतल्यासारखं होईल.

मग जुन्या रानात लावणं बंदच करायचं का? इथं माझं मत थोडं मधलं आहे. ब्राझीलमध्ये सोयाबीनचं प्रचंड क्षेत्र जवळजवळ विना नत्रखताचं, जिवाणूंवर घेतलं जातं. तिथल्या शास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर यांनी ती दिशा लावून धरली. पुढे त्याच विषयात काम केलेल्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिथल्या चाचण्यांत, आधीपासून जिवाणू असलेल्या जमिनीतही दरवर्षी पुन्हा बीजप्रक्रिया केल्याने सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास वाढ मिळालेली आहे. पण ती सरासरी आहे. काही रानांत ती जास्त असते, काहींत शून्य. आणि आठ टक्के फरक नुसत्या नजरेला कळत नाही. दोन पट्टे वेगळे कापून, वेगळे मळून, वजन केलं तरच तो दिसतो, आणि तेही पट्टे एकापेक्षा जास्त ठिकाणी असतील तर. तुम्ही वजनं केली होती की अंदाजाने ‘सारखंच’ म्हणताय, ते प्रश्नावरून कळलं नाही. खर्च किरकोळ असल्यामुळे मी जुन्या रानातही बीजप्रक्रिया सुचवतो, पण त्यातून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका असं सांगूनच. नव्या रानात मात्र ती टाळणं म्हणजे पिकाला उपाशी ठेवणं.

पट्ट्याबद्दलही एक शंका आहे. लावलेलं बियाणं आधी पेरून त्याच पेरणीयंत्रातून न लावलेलं पेरलं असेल, तर तुमचा ‘न लावलेला’ पट्टा मुळात कोरा नव्हता. पेटीत आणि नळ्यांत उरलेली पूड, हाताला लागलेलं मिश्रण, एवढ्यानेही काम होतं. न लावलेलं बियाणं नेहमी आधी पेरावं.

माझ्या कामात मी दोन नाही, तीन पट्टे घालायला सांगतो. पहिला कोरा. दुसरा रायझोबियमचा. तिसऱ्यात रायझोबियम नाही, पण नत्र भरपूर, हप्त्याहप्त्याने, पीक अजिबात उपाशी राहणार नाही इतकं. बाकी सगळं तिन्हींत सारखं. हा तिसरा पट्टा उत्पन्नासाठी नसतो, तो प्रश्न विचारण्यासाठी असतो. नत्राचा पट्टा गर्द हिरवा आणि कोरा फिकट असेल तर जमिनीत नत्राची खरी टंचाई आहे आणि स्थानिक जिवाणू पुरे पडत नाहीत. अशा वेळी रायझोबियमचा पट्टा नत्राच्या पट्ट्याच्या जवळ गेला तर तुमचं संवर्धक काम करतंय. तो कोऱ्यासारखाच राहिला तर संवर्धक मेलेलं आहे किंवा चुकीचं आहे. आणि तिन्ही पट्टे सारखेच दिसले तर? मग नत्र ही तुमच्या पिकाची अडचणच नाही. स्फुरद (फॉस्फरस), गंधक, पाणी, झाडांची संख्या, तण, असं दुसरं काहीतरी उत्पादन अडवून बसलंय, आणि ते दूर होईपर्यंत कोणत्याही कंपनीचं पाकीट काही वाढवणार नाही. तुमच्या सोयाबीनबद्दल मला याच शक्यतेचा दाट संशय आहे.

पट्ट्यांना हंगाम लागतो. मुळं मात्र याच हंगामात पाहता येतात. पेरणीनंतर दोन ते तीन आठवड्यांत गाठी दिसू लागतात, पण खरी तपासणी फुलोऱ्याच्या सुरुवातीला करा. झाड उपटू नका. उपटलं की निम्म्या गाठी मातीतच राहतात आणि ‘गाठीच नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वाफसा असताना कुदळीने किंवा फावड्याने ढेकळासकट झाड काढा, पाण्यात भिजत ठेवा, माती आपोआप सुटू द्या. शेतात चार-पाच वेगळ्या ठिकाणची झाडं घ्या, नुसत्या बांधाकडेची नकोत.

मग जागा बघा. सोटमुळाच्या वरच्या भागात, बी पडलं त्याच्या आसपास ठसठशीत गाठींचा झुपका असेल, तर बहुधा तुम्ही लावलेल्या जिवाणूंनी काम केलंय. गाठी खाली आणि बाजूच्या मुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा मातीतल्या जिवाणूंच्या. हा नियम पक्का नाही, पण दिशा दाखवतो. त्यानंतर नखाने गाठ फोडा. आत गुलाबी किंवा लालसर दिसली तर ती चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीतल्या प्रथिनाचा. नत्र स्थिर करणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) प्राणवायूने बिघडतं, पण जिवाणूला श्वासासाठी प्राणवायू तर हवाच. लेगहिमोग्लोबिन तो मोजूनमापून आत पोचवतं. पांढरी गाठ एकतर अजून तयार झालेली नाही किंवा निकामी जिवाणूची आहे. हिरवट-तपकिरी गाठीचं काम संपलेलं असतं. फुलोऱ्यातच बहुतेक गाठी तशा असतील तर काहीतरी बिनसलंय. संख्या मोजण्यापेक्षा मी रंगाला जास्त महत्त्व देतो. शंभर बारीक पांढऱ्या गाठींपेक्षा डझनभर मोठ्या लाल गाठी कितीतरी बऱ्या.

एक फसगत नेहमी होते. सूत्रकृमींच्या गाठी पाहून लोक खूश होतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटी होत नाही. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटाने सहज निघते.

आता पाकिटाकडे वळू, कारण कंपनी बदलण्याचा प्रश्न खरा इथं आहे. हे जिवंत औषध आहे, त्यामुळे आत किती जीव शिल्लक आहेत यावर सगळं ठरतं. हिशोब करून बघा. २०० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला लावलं. पाकिटात दर ग्रॅमला १० कोटी जिवाणू असतील तर एकूण झाले २००० कोटी. मध्यम आकाराच्या सोयाबीनचे १० किलोत साधारण ८० हजार दाणे येतात. म्हणजे प्रत्येक दाण्याच्या वाट्याला अडीच लाख. सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्याला निदान एक लाख तरी मिळावेत असं आम्ही धरतो, म्हणजे हिशोब बसतो. आता तेच पाकीट उन्हाळाभर पत्र्याखाली पडून होतं आणि दर ग्रॅमला एक लाखच उरले असं समजा. दाण्याच्या वाट्याला येतात २५०. पूड तशीच काळी, वास तसाच, पाकीट तसंच. तुम्ही मात्रा दुप्पट केलीत तर ५०० होतील, चौपट केलीत तर हजार. मेलेल्या पाकिटाची भरपाई मात्रेने होत नाही, ती याच कारणाने. उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख बघा, थंड जागेतून घ्या आणि घरी आणल्यावर खतांच्या किंवा औषधांच्या शेजारी ठेवू नका. अर्धवट फोडून ठेवलेलं पाकीट पुढच्या पिकाला वापरणं तर सोडूनच द्या. तुमच्या हरभऱ्याला जिवाणू चुकीचा होताच, शिवाय तो जिवंत होता का हाही प्रश्नच आहे.

पूड घ्यावी की द्रवरूप? चांगल्या प्रतीचं कुठलंही चालतं. द्रवरूप लावायला सोपं आणि टिकायलाही बहुधा बरं. मात्र बियाण्यावर लागल्यानंतर चांगल्या पुडीचं आवरण जिवाणूंना सुकण्यापासून थोडं जास्त वाचवतं.

लावताना सर्वांत जास्त जीव जातात ते दोन ठिकाणी, रसायनात आणि उन्हात. क्रम असा ठेवा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी, पेरणीच्या अगदी आधी, रायझोबियम. एकाच बादलीत सगळं कालवणं हे मी पाहिलेलं सगळ्यात सर्रास नुकसान आहे. तांबेयुक्त बुरशीनाशकं आणि कॅप्टन हे बुरशीनाशक जिवाणूंना विशेष घातक. मर-मूळकुजीचा धोका मोठा असेल आणि तिखट बुरशीनाशक टाळताच येत नसेल, तर बियाण्याला रायझोबियम लावूच नका. ते चाळलेल्या, ओलसर कुजलेल्या शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये मिसळून बियाण्याखाली तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, द्या. जिवाणू जास्त लागतील, पण जिवंत तरी पोचतील. सुपर फॉस्फेटसारख्या आम्लधर्मी खताबरोबर लावलेलं बियाणं एकाच पेटीत मिसळू नका. मॉलिब्डेनम या सूक्ष्म अन्नद्रव्याचे क्षारही जिवाणूंसोबत थेट बियाण्यावर नकोत.

पूड चिकटायला गुळाचं थंड झालेलं पातळ पाणी किंवा डिंकाचं पाणी पुरतं. पाणी मात्र हात आखडून वापरा. सोयाबीनचं साल नाजूक, पाणी जास्त झालं की सुरकुततं, सुटतं आणि उगवण घटते. भुईमुगाचंही तसंच. बियाणं चोळू नका, ताडपत्रीवर हलक्या हाताने वरखाली करा, प्रत्येक दाण्यावर पातळ थर दिसला की पुरे. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत, ओल्या जमिनीत पेरा. कोरड्या मातीत पेरून पावसाची वाट पाहिली तर बियाणं टिकेल, जिवाणू टिकणार नाहीत.

बाकीच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि तुमचा माती अहवाल माझ्यासमोर नाही. सामू (पीएच) ५.५ च्या खाली असेल तर बऱ्याच रायझोबियमना जगणं जड जातं. तिथं आधी चुना द्यावा लागतो. आम्लधर्मी जमिनीत मॉलिब्डेनमही पिकाला कमी मिळतं, आणि नायट्रोजिनेजच्या गाभ्यात मॉलिब्डेनम आणि लोह दोन्ही लागतात. स्फुरद कमी असेल तर गाठी लहान आणि थोड्या राहतात, कारण ऊर्जेची सगळी उलाढाल स्फुरदावर चालते. माझ्या अनुभवात जिवाणू ‘फेल’ गेल्याच्या तक्रारींमागे स्फुरदाची टंचाई फार वेळा निघते. शेतात पाणी साचलं की गाठींची घुसमट होते, ताण पडला तर झाड गाठी टाकून देतं.

युरियाचं काय? मातीत नायट्रेट भरपूर असेल तर झाड गाठी करायच्या भानगडीत पडत नाही. तयार नत्र उचलणं त्याला स्वस्त पडतं. त्यामुळे पूर्ण नत्र देऊन वर रायझोबियम लावणं हा दुहेरी खर्च आहे. सुरुवातीला हेक्टरी २० ते २५ किलो नत्र मात्र बहुतेक ठिकाणी चालतं, हलक्या जमिनीत तर उपयोगीच. एक काळ घाबरवणारा असतो. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बियाण्यातला साठा संपलेला असतो, गाठी अजून कामाला लागलेल्या नसतात आणि पीक फिकट दिसतं. याच वेळी लोक युरियाची पोती काढतात आणि नुकत्याच धरू लागलेल्या गाठींचा खेळ संपवतात. आधी दोन झाडं खोदा. गाठी गुलाबी होऊ लागल्या असतील तर आठ-दहा दिवस थांबा, रंग परत येतो. राजमा याला अपवाद, तो नत्र स्थिर करण्यात मुळातच कच्चा आहे. त्याला जास्त नत्र द्यावंच लागतं.

पुढच्या पिकाच्या युरियाबद्दल सावध राहा. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, म्हणजे दर टन दाण्याबरोबर ६० किलोहून अधिक नत्र शेताबाहेर जातं. सोयाबीन सरासरी आपल्या गरजेच्या निम्मं किंवा थोडं अधिक नत्र हवेतून घेतं, उरलेलं जमिनीतूनच उचलतं. काडही बाहेर काढलंत तर जमिनीचा नत्राचा हिशोब बरोबरीत सुटेल किंवा तोट्यात जाईल. पुढच्या पिकाला फायदा दिसतो हे खरं, पण त्यात जमीन मोकळी होणं, रोगांचं चक्र तुटणं आणि पालापाचोळा लवकर कुजणं यांचाही वाटा असतो. पाला आणि काड रानातच राहिलं असेल तर युरियात माफक कपात करा. सगळं उचलून नेलं असेल तर कपातीच्या फंदात पडू नका.

आता उभ्या हरभऱ्याचं. आज चार ठिकाणी खोदा. गाठी नसतील आणि खालची पानंच फिकट असतील तर आता वरून रायझोबियम ओतून फारसं हाती लागणार नाही. मुळं खोल गेलीत, जिवाणू वरच्या मातीत अडकून पडतात. त्यापेक्षा ओल असताना नत्राचा हलका हप्ता द्या आणि हे पीक निभावून न्या. पुढच्या वेळी त्या रानासाठी हरभऱ्याचंच ताजं संवर्धक घ्या आणि पहिल्याच वर्षी ते बियाण्याला आणि तासात, दोन्हीकडे द्या. नव्या रानात दुप्पट मात्रेला मी हरकत घेत नाही. सोयाबीनला पाकीट बदलण्याआधी माती तपासा, स्फुरद आणि गंधक बघा, तीन पट्टे घाला. गाठी सोटमुळावर होत्या की बाजूला, फोडल्यावर आतून कोणत्या रंगाच्या निघाल्या आणि कोणती पानं आधी पिवळी पडली, एवढं कळवलंत तर हरभऱ्याला किती नत्र द्यायचं ते नेमकं सांगता येईल.